वरचा बँड दिसला नाही म्हणजे दोष साखरेचाच का?

डिचोलीहून एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "मॅडम, माझ्या मामांना लाँग क्यूटी सिंड्रोम आहे. जनुकीय तपासणीत केसीएनएच२ जनुकात मिससेन्स, म्हणजे एक अमिनो आम्ल बदलणारं, म्युटेशन निघालं. मी वाचलं की अशा म्युटेशनमध्ये हर्ग चॅनलवर साखर नीट चढत नाही आणि वेस्टर्न ब्लॉटमध्ये १५५चा बँड येत नाही. म्हणजे आजार साखर न चढल्यामुळे होतो का? ग्लायकोसायलेशन सुधारलं तर चॅनल सुधारेल का? मामांना डायबेटिसही आहे. रिपोर्टात 'ग्लायकोसायलेटेड हिमोग्लोबिन ८.१' असं आहे. त्याचा याच्याशी काही संबंध?"

शेवटचा प्रश्न आधी घेते. तो लवकर सुटतो, आणि त्यातला गोंधळ तुझा नाही, छापील रिपोर्टाचा आहे. कितीतरी लॅब अजून एचबीएवनसीला 'ग्लायकोसायलेटेड' म्हणतात. खरा शब्द आहे 'ग्लायकेटेड'. तिथे रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला असलेल्या व्हॅलिनला आपसूक चिकटतं. त्यात एन्झाइमचा हात नसतो. ग्लुकोज जितकं जास्त आणि तांबडी पेशी जितके दिवस रक्तात फिरेल (साधारण १२०), तितकं ते चिकटत जातं. ग्लायकोसायलेशनमध्ये पेशी स्वतःच्या एन्झाइमांनी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या बांधणीची शर्कराशाखा लावते. पहिलं म्हणजे लोखंडावर चढलेला गंज, दुसरं म्हणजे सोनाराने कोंदणात बसवलेला खडा. मामांचा आकडा ८.१ आहे म्हणून त्यांच्या हर्गवर जास्त किंवा कमी साखर चढली असं होत नाही. साखर आटोक्यात ठेवायलाच हवी, पण ती वेगळ्या कारणांसाठी.

आता मुख्य प्रश्न. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रोटीनं जेलवर आकारानुसार वेगळी करून त्यांच्या पट्ट्या, म्हणजे बँड, बघायची पद्धत. १५५चा तो वरचा बँड. वरचा बँड दिसत नाही हे बहुतेक वेळा चॅनल कुठे अडकला याची खूण असते. आजाराचं कारण दुसरीकडे असतं. मात्र काही थोड्या ठिकाणी साखर न चढणं हेच खरं कारण असतं. ही दोन प्रकरणं एकमेकांत मिसळली की वडाची साल पिंपळाला लागते, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक विद्यार्थ्यांची ती लागलेली असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हर्ग हा केसीएनएच२ जनुकापासून बनणारा, हृदयाच्या खालच्या कप्प्यांतल्या पेशींना दर ठोक्यानंतर पुन्हा विश्रांतीला आणणारा पोटॅशियम चॅनल. १,१५९ अमिनो आम्लांचा एक घटक, असे चार घटक मिळून एक चॅनल होतो. १९९४ मध्ये तो माणसात सापडला आणि १९९५ मध्ये त्याच्या बिघाडाने लाँग क्यूटीचा दुसरा प्रकार होतो हे सिद्ध झालं. पॅच क्लॅम्पवर, म्हणजे पेशीतून वाहणारा विद्युतप्रवाह मोजायच्या तंत्रावर, हा चॅनल पहिल्यांदा पाहिला तो क्षण मला आजही आठवतो. पेशीचा व्होल्टेज +२० मिलिव्होल्टला नेला, तर प्रवाह जेमतेम वर आला. वाटलं, पेशीत चॅनल गेलाच नाही. मग व्होल्टेज −५०ला परत आणला आणि पडद्यावर एकदम मोठी शेपटी उसळली, हळूहळू खाली आली. हर्गचा स्वभावच असा. व्होल्टेज चढा असताना तो उघडतो, पण लगेच दुसऱ्या कवाडाने स्वतःला अडवून घेतो. व्होल्टेज उतरायला लागला की ते अडसर आधी निघतं आणि मग खरा प्रवाह वाहतो. ईसीजीवर टी लाट उतरते त्या सुमाराला हृदयाला त्याची सगळ्यात जास्त गरज असते. तो कमी पडला की क्यूटी, म्हणजे ईसीजीवर खालचे कप्पे चेतल्यापासून विश्रांतीला येईपर्यंतचा काळ, लांबतो.

साखर कुठे चढते ते बघू. प्रोटीन तयार होत असतानाच त्याचा धागा एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे ईआर या पेशीतल्या प्रोटीन घडवणाऱ्या कप्प्यात, शिरतो. तिथे एक एन्झाइम धाग्यावर ठराविक अक्षरक्रम शोधत असतं: ॲस्पॅराजीन, मग प्रोलीन सोडून कुठलंही एक, मग सेरीन किंवा थ्रिओनीन. सापडला की डॉलिकॉल नावाच्या मेदाच्या दांड्यावर आधीच बांधून ठेवलेली १४ शर्करांची अख्खी फांदी ते त्या ॲस्पॅराजीनवर उचलून ठेवतं. २ एन-ॲसिटिलग्लुकोसामीन, ९ मॅनोज, ३ ग्लुकोज. टोकाची ग्लुकोज एकेक करून छाटली जातात, आणि उरलेल्या एका ग्लुकोजला धरून कॅल्नेक्झिनसारखी प्रोटीनं त्या धाग्याला नीट घडी पडेपर्यंत सोबत करतात. घडी जमली तर प्रोटीन गॉल्जी या पुढच्या कप्प्याकडे जातं. तिथे मॅनोज छाटून नवीन फांद्या फुटतात आणि टोकाला सायलिक ॲसिड बसतं. घडी जमलीच नाही, तर ईआर त्याला परत ओढून तोडून टाकतं.

ब्लॉटवरचे दोन बँड इथून येतात. खालचा सुमारे १३५ किलोडाल्टनचा (हे प्रोटीनच्या वजनाचं माप): ईआरमधला, कच्च्या फांदीचा हर्ग. वरचा १५५चा: गॉल्जीतून पक्क्या फांदीनिशी पेशीपटलावर पोचलेला. आता नीट बघ. खालच्या बँडवरही साखर आहेच. मामांच्या म्युटेशनसारखं एखादं म्युटेशन पेशीत घालून ब्लॉट केलास आणि फक्त १३५ दिसला, तर त्याच नमुन्यात एंडो-एच एन्झाइम घाल. ते फक्त कच्च्या, मॅनोजवाल्या फांद्या कापतं. बँड आणखी थोडा खाली सरकेल. सरकला म्हणजे कापायला तिथे काहीतरी होतं! साखर चढली होती, पक्की व्हायला गॉल्जीपर्यंत प्रोटीन पोचलंच नाही. शेजारच्या ओळीत पीएनजीएझ-एफ घातलेला नमुना ठेव. ते कच्ची-पक्की दोन्ही फांदी मुळापासून काढतं. निरोगी चॅनलचे दोन्ही बँड त्यात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. माझ्या मते हर्गचा ब्लॉट या दोन ओळींशिवाय दाखवूच नये.

ब्लॉटचाच विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगून ठेवते. एका लॅबमध्ये असताना आम्ही दोन आठवडे हर्गचे दोन्ही बँड शोधत होतो. ट्रान्सफेक्शन (पेशीत जनुक घालणं) फसलं असं समजून तीन वेळा पेशी नव्याने वाढवल्या. शेवटी जेलच्या अगदी वरच्या काठावर, विहिरीच्या तोंडाशी, एक काळा गोळा अडकलेला दिसला. नमुना नेहमीच्या सवयीने ९५ अंशांना उकळला होता, आणि पटलातलं हे प्रोटीन उकळलं की गठ्ठा होऊन जेलमध्ये शिरतच नाही. नमुना ३७ अंशांना ठेवून घातला आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही बँड स्वच्छ आले. वरचा बँड गायब असण्याची अशीही कारणं असतात, म्हणून निष्कर्षाची घाई करू नकोस.

लाँग क्यूटी-२ची जी मिससेन्स म्युटेशनं पेशींत तपासली गेली, त्यांतली बहुसंख्य, दहात साधारण नऊ, पोचण्यातच अडतात. त्यांचा चॅनल ईआरमध्ये राहतो. अमिनो आम्ल बदललं, घडी बिघडली, ईआरने सोडलं नाही, म्हणून फांदी पक्की झाली नाही. साखरेचा क्रमांक या साखळीत शेवटचा. याला सरळ पुरावा आहे. एन४७०डी (४७०व्या ॲस्पॅराजीनच्या जागी ॲस्पार्टेट) हे म्युटेशन असलेल्या पेशी ३७ऐवजी २७ अंशांना वाढवल्या की वरचा बँड येतो आणि प्रवाहही मिळतो. साखरेच्या यंत्रणेला कुणी हात लावलेला नसतो, फक्त घडी पडायला सवड मिळालेली असते. (आपल्याकडे २७ म्हणजे पंखा लावून बसण्याची हवा, पण इनक्युबेटरच लागतो, खोलीचं तापमान रात्रंदिवस स्थिर राहत नाही.) फेक्सोफेनाडीन या ॲलर्जीच्या औषधाने २००२ मध्ये हेच काम एन४७०डी आणि जी६०१एस या दोन म्युटेशनांत केलं, तेही चॅनल न अडवता. हे औषध टर्फेनाडीनपासून शरीरात बनतं, आणि ते टर्फेनाडीन हर्गला अडवून जीवघेणे ठोके आणत होतं म्हणून बाजारातून काढावं लागलं. एकाच घराण्यातला एक रेणू चॅनलला मारतो, दुसरा सावरतो. पण पेशीतल्या प्रयोगावरून मामांना ॲलर्जीची गोळी सुरू करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

तर मग हर्गवरची साखर नुसती शोभेची का? तसंही नाही. हर्गच्या बाहेरच्या भागात तो अक्षरक्रम दोन ठिकाणी आहे, ५९८ आणि ६२९ क्रमांकाच्या ॲस्पॅराजीनवर. साखर फक्त ५९८ला चढते. १९९९ मध्ये निघालेल्या कामावरून वाटलं होतं की ही साखर नसेल तर हर्ग पटलावर पोचतच नाही. २००२ मध्ये ५९८च्या जागी ग्लुटामीन घालून पुन्हा नीट बघितलं, तेव्हा साखर नसलेला हर्ग पोचतो आणि प्रवाहही वाहतो असं दिसलं. फरक आयुष्यात होता. असा चॅनल पटलावर टिकत नाही, लवकर तुटून जातो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मानकुराद घेताना आई आधी देठ बघायची. देठासकट काढलेला आंबा घरी आणून आठवडाभर पिकत ठेवता यायचा. देठ मोडलेला आंबाही बाजारात येतो, कापला तर गोडही लागतो, पण चीक ओघळून साल काळी पडते आणि देठाकडूनच कुजायला लागतो. हर्गवरची साखर त्या देठासारखी. बाजारात पोचण्यासाठी ती लागतेच असं नाही, पोचल्यावर टिकण्यासाठी लागते.

६२९ची गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास फसवते. त्या जागी ॲस्पार्टेट आलेलं, म्हणजे एन६२९डी, म्युटेशन लाँग क्यूटीच्या रुग्णांत सापडलं आहे. 'बघा, साखरेची जागा गेली, आजार आला,' असं उत्तर मी परीक्षेत कितीतरी वेळा वाचलं आहे. पण ६२९ला मुळात साखर चढतच नाही. ती जागा चॅनलच्या गाळणीला लागून आहे, जिथून फक्त पोटॅशियम जायचं असतं. ती बदलली की गाळणीची निवडच बिघडते. अक्षरक्रम दिसला म्हणजे साखर असणारच, आणि साखरेची जागा गेली म्हणजे आजार साखरेमुळेच, ही दोन्ही गृहीतकं इथे एकदम कोसळतात.

साखर हेच कारण असलेली उदाहरणं बघायची तर हर्ग सोडून त्याच्या शेजाऱ्यांकडे जावं लागतं. केसीएनई१ हे १२९ अमिनो आम्लांचं एवढंसं प्रोटीन. केसीएनक्यू१ या दुसऱ्या पोटॅशियम चॅनलला ते चिकटतं आणि दोघं मिळून हृदयाचा हळू उघडणारा प्रवाह घडवतात, जो धावताना, घाबरल्यावर उपयोगी पडतो. याच्या सुरुवातीलाच, ५व्या क्रमांकावर, साखरेची एक जागा आहे आणि दुसरी २६व्या क्रमांकावर. टी७आय म्युटेशनमध्ये ७वा थ्रिओनीन जाऊन आयसोल्युसीन येतो. ५, ६, ७ असा तो अक्षरक्रम असल्यामुळे ५व्या जागेची साखर जाते, हे कागदावरही कळतं. कागदावर न कळणारी गोष्ट २०११ मध्ये दिसली: ५ची साखर गेली की कित्येक अमिनो आम्लं पलीकडच्या २६ला चढणारी साखरही अडते! कारण ५ला साखर प्रोटीन बनत असतानाच चढते, तर २६ला प्रोटीन बनून झाल्यावर चढते, आणि ती दुसरी पायरी पहिलीवर अवलंबून असते. एका अक्षराच्या बदलाने दोन्ही फांद्या जातात. बिनसाखरेचं केसीएनई१ आपल्या चॅनलसोबत पटलावर पोचत नाही. हे म्युटेशन ज्या घरांत आलं तिथे लांब क्यूटीबरोबर जन्मजात बहिरेपण आहे. १९५७ मध्ये नॉर्वेत जर्व्हेल आणि लांगे-नील्सन यांनी जो आजार वर्णिला तोच हा, कारण कानाच्या आतल्या द्रवात पोटॅशियम भरायलाही हीच जोडी लागते. या प्रयोगातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी की, २६ची जागा बदलून तिलाही बनतानाच साखर चढेल अशी केली, तेव्हा ५ रिकामा असूनही प्रोटीन पोचलं. म्हणजे दोष साखर नसण्यातच होता. कारण असं सिद्ध करावं लागतं: गोष्ट काढून घ्यायची, मग दुसऱ्या वाटेने परत द्यायची, आणि काम परत येतं का ते बघायचं.

दुसरं उदाहरण केसीएनई२चं, टी८ए या बदलाचं. यात ६व्या जागेची साखर जाते. एरवी माणूस ठणठणीत असतो. पण सल्फामेथॉक्साझोल-ट्रायमेथोप्रिम, आपल्याकडे लघवीच्या जंतुसंसर्गाला वर्षानुवर्षं दिलं जाणारं जोडऔषध, घेतलं की साखर नसलेला चॅनल औषधाने जास्त अडतो. २००३ मध्ये हे दाखवताना साध्या, न बदललेल्या प्रोटीनवरचं सायलिक ॲसिड न्यूरामिनिडेझने छाटलं, तर तेही औषधाला असंच जास्त बळी पडू लागलं. साखर इथे औषधाच्या वाटेत ढालीसारखी उभी असते. ढाल नसली तरी रोजच्या दिवसात काही कळत नाही, गोळी घेतली की कळतं.

सायलिक ॲसिडबद्दल थोडं. फांदीच्या टोकाचं हे आम्ल शरीराच्या पीएचला ऋणभारित असतं. चॅनलच्या तोंडाजवळ असे ऋणभार जमले की व्होल्टेज मोजणाऱ्या भागाला पटलाचा व्होल्टेज प्रत्यक्षापेक्षा थोडा वेगळा भासतो, आणि चॅनल काही मिलिव्होल्ट आधी किंवा नंतर उघडतो. हे खरंच भारामुळे होतं का हे तपासायची जुनी युक्ती म्हणजे बाहेर कॅल्शियम वाढवायचं. कॅल्शियमने ऋणभार झाकले गेले आणि साखरवाल्या-बिनसाखरेच्या चॅनलमधला फरक मिटला, तर कारण भारच. हर्गवर २०१३ मध्ये निघालेला निष्कर्ष तुझ्या प्रश्नासाठी महत्त्वाचा आहे. सायलिक ॲसिड हर्गला ठोक्यादरम्यान मर्यादेत ठेवतं. ते काढलं की हर्गचा प्रवाह वाढतो. म्हणजे पटलावर पोचलेल्या हर्गवरची साखर अपुरी राहिली, तर ओढ क्यूटी आखूड होण्याकडे असेल, मामांच्या आजाराच्या बरोबर उलट! 'साखर कमी म्हणून क्यूटी लांब' हे सरळ समीकरण इथेच मोडतं.

उंदरांवरच्या निष्कर्षांबाबत सावध राहा. सायलिक ॲसिड बसवणारं एसटी३गाल४ हे एन्झाइम नसलेल्या उंदरांच्या हृदयात पोटॅशियम चॅनलांवर काय परिणाम होतो हे २०१५ मध्ये छान दाखवलं गेलं, आणि वेगवेगळ्या चॅनलवर तो वेगवेगळा निघाला. पण उंदराचं हृदय मिनिटाला पाचशेच्या वर ठोके देतं आणि विश्रांतीला यायला मुख्यतः दुसरेच चॅनल वापरतं, हर्गवर आपल्याइतकं विसंबत नाही. त्यामुळे उंदराचा क्यूटी लांबला म्हणून माणसाचा लांबेल असं नाही.

अजून एक गोष्ट, कारण ती मामांशी जोडलेली आहे. वरचा बँड औषधानेही जातो. पेंटामिडीन आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड हर्गला अडवण्यापेक्षा त्याचं पोचणंच बिघडवतात. आणि बाहेरचं पोटॅशियम फार कमी झालं तर पटलावरचा तयार, पक्क्या साखरेचा हर्गसुद्धा आत ओढला जाऊन तुटतो. हे २००९ मध्ये दिसलं. तिथे साखरही ठीक, घडीही ठीक, तरी १५५ फिका. म्हणून जुलाब-उलट्या अंगावर काढणं लाँग क्यूटीच्या माणसाला परवडत नाही.

'ग्लायकोसायलेशन सुधारून' मामांचं काही होणार नाही, कारण त्यांच्या पेशींची साखर लावायची यंत्रणा बिघडलेलीच नाही. सुधारायची असेल तर घडी, आणि कुठलं म्युटेशन सुधारतं, कुठलं नाही, हे एकेक तपासूनच कळतं. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये प्रोटीनची घडी सावरणाऱ्या लुमाकाफ्टर या औषधाने हर्गच्या काही म्युटेशनांत यश दिलं, काहींत नाही. रिपोर्टात म्युटेशनचा नेमका क्रमांक असेल. तो चॅनलच्या कुठल्या भागात पडतो ते आधी बघ. गाळणीजवळचा असेल तर चॅनल पोचूनही काम न करणारा असू शकतो, आणि मग वरचा बँड चक्क दिसेल.

मामांसाठी आजपासून करायचं ते हे: बीटा-ब्लॉकर लिहून दिला असेल तर एकही डोस चुकवायचा नाही. फार्मसीत काहीही घेताना लाँग क्यूटी आहे हे सांगायचं, कारण पित्ताच्या गोळीत जोडून येणारं डॉम्पेरिडोन, घशासाठीचं ॲझिथ्रोमायसिन, उलटीसाठीचं ऑन्डान्सेट्रॉन, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल ही सगळी क्यूटी लांबवू शकतात. दुसऱ्या प्रकारात अचानक मोठा आवाज धोक्याचा असतो, तेव्हा उशाजवळ गजर आणि कर्कश रिंगटोन ठेवायची नाही. चवथीला अंगणात फटाके लावतील तेव्हा त्यांना आत बसवा. आणि तुझ्या आईचा ईसीजी काढून घे. ती मामांची सख्खी बहीण आहे. म्युटेशन भावात आहे तर बहिणीत असण्याची शक्यता निम्मी, आणि तिच्यात असेल तर तुझ्यात असण्याचीही निम्मी.

ब्लॉट करशील तेव्हा सहा ओळी ठेव: निरोगी चॅनल आणि म्युटेशन, प्रत्येकी साधा, एंडो-एच आणि पीएनजीएझ-एफ. नमुना उकळू नकोस.